मी हरवले नव्हते

चि. सुश्रुत,

मी हरवले नव्हते! वांद्र्याचं बँडस्टँड एकदा एकटीने पायी बघायचं, एवढंच मनात होतं. तशी चिठ्ठी फ्रिजवर लावली होती. फोन मुद्दाम घरी ठेवला, कारण तू दर अर्ध्या तासाने करतोस.

नटनट्यांचे बंगले पाहिले, किल्ल्यापर्यंत चालले, मग समुद्राकडे तोंड करून कणीस खात बसले. तेवढ्यात एका मुलीने माझा हात धरला.

"आजी, घाबरू नका. तुम्ही हरवलात ना?"

तिच्या फोनवर माझा फोटो आणि खाली तू लिहिलेलं, 'आईला हल्ली विसरायला होतं.'

कोणाला होतं रे विसरायला? चारचौघांत मी तिला वार, तारीख, डोंबिवलीचा पत्ता, पिनकोडसुद्धा घडाघडा सांगितला. तरी तू येईपर्यंत तिने हात सोडला नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

परतताना तू विचारलंस, "आई, गप्प का?" मी बोलले नाही. हे पत्रही तुला देणार नाही.

तिने शेवटी विचारलं होतं, "बरं, मुलाचं नाव सांगा."

ते मी तिच्या फोनवर वाचून सांगितलं.

तुझी,
आई