लोण्याच्या रंगाचा कवड्या

२ ऑगस्ट
आलो एकदाचे! मी कॉलेजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाचा नवा प्रमुख, हाताखाली शून्य माणसं. क्वार्टर दोन खोल्यांचं, पण खिडकीबाहेर नुसती झाडी. बायको नर्स, तिलाही इथल्याच हॉस्पिटलात काम मिळालं. पाच वर्षांच्या लेकीनं आल्या आल्या भिंतीवर खडू चालवला. अक्षरं येतात तिला, काना-मात्रेशी मात्र कट्टी आहे. घर, बस, पळ एवढ्या भांडवलावर मॅडम स्वतःला विद्वान समजतात.

५ ऑगस्ट
बाथरूममध्ये साप! लोण्याच्या रंगाचा, डोळे डाळिंबाच्या दाण्यांसारखे, अंगावर पुसट पांढरे पट्टे. असा जन्मात पाहिला नव्हता. काठीनं बरणीत सरकवला, तोंडाला फडकं आणि रबर लावलं, मग पुस्तकं उलथीपालथी केली. रंग हरवलेला कवड्या, दुसरं काय! बिनविषारी, घराघरांत शिरणारा. मण्यार दिसायला अशीच असते, पण ती काळी कुळकुळीत आणि जहाल विषारी. कवड्याचे पट्टे डोक्यापासून सुरू होतात, मण्यारीचे बरेच मागून; याचे कुठून, ते या फिकट रंगात कळेना. असू दे. पहिल्याच आठवड्यात असा नमुना म्हणजे भाव खायची सोय झाली.

६ ऑगस्ट
लेकीनं त्याचं नाव कवडू ठेवलं. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला, आत्ताच्या आत्ता संग्रहालयात ने म्हणाली. सोमवारी नेतो म्हटलं. लेकीला बजावलं की कवडू चावत नाही, चावला तरी काही होत नाही, घाबरायचं नाही. पोर आता बरणीला गाल लावून बसते. मला फार कौतुक वाटलं.

८ ऑगस्ट
कवडूनं कात टाकली. कातीला रंगच नाही, तिच्यात बघायचं काय? लेकीला देऊन टाकली. तिनं बाहुलीला स्कार्फ केला. कवडूला आत गुदमरत असेल म्हणून सारखी मागे लागली आहे. बायकोला आज रात्रपाळी.

९ ऑगस्ट, सकाळ
पोटात जीवघेणी कळ. पापण्या वर जात नाहीत. बरणीचं फडकं सुटलेलं. बरणी रिकामी.
लेक शेजारी झोपली आहे. श्वास चालू आहे. उशाशी बाहुली, गळ्यात कात, तिच्यावर ऊन. पाठीच्या मधोमध खवल्यांची ओळ — मोठे, षटकोनी. कवड्याला असे नसतात.
मण्यार. हिचा दंश झोपेत कळतही नाही.
मी रंग बघत बसलो. देवा, मी फक्त रंग बघत बसलो.

थोड्या वेळानं
पाय गेले. हाक मारली, नुसती घरघर. बायकोला मेसेज केला — वॉर्डात तिचा फोन कपाटात असतो. बाहेरच्या दाराची कडी वर आहे. लेकीचा हात पुरत नाही.

लेक उठली. मी सोंग करतोय वाटून हसते आहे.
चादरीतून तो निघाला. तिच्या पायाशी. तिला आनंद झाला — भीती मीच मोडली ना —
बोलता येत नाही. मोठ्ठं लिहिलं. काना नाही, मात्रा नाही. पळ.
वही तिच्याकडे केली.
वाचलं! प, ळ, पळ. बरोबर वाचलं माझ्या राणीनं —
टाळ्या वाजवते आहे. आता त्याच्याकडे वळली. कवडूलाच सांगायचंय वाटलं तिला. पळ कवडू पळ म्हणत बोटानं त्याची शेपटी —
तू गं
तू पळ तू प