कारभारी आजोबांची करंगळी

भंडारदरा, तालुका अकोले
चैत्र, १९७३

वडीलबंधूसमान सूर्यभानदादा यांना, तुमच्या बहिणीचा नवरा बन्सी याचा रामराम. तुमची पाठ आता कशी आहे? सुप्याची हवा वहिनींच्या खोकल्याला मानवली असेल. इकडे मालन ठणठणीत आहे. (जरा जास्तच. ते पुढे येईलच.)

गेल्या बाजाराच्या दिवशी स्वीडन नावाच्या देशातून एक बाई गावात आली, सोबत नगरचे एक दुभाषी मास्तर. बाईचा कार्ल नावाचा चुलत आजोबा धरणाच्या कामावर क्रेन चालवायला आला, इथंच लग्न करून राहिला आणि मग त्याची काही खबरच गेली नाही म्हणे. त्याची नातवंडं शोधत ती आलेली. गावात कार्ल कुणी ऐकला नव्हता. पण माझा चुलतभाऊ कानिफनाथ घारा आहे, म्हणून चावडीत लोकांनी त्यालाच पुढे केलं. बाईचे डोळे भरून आले. तिने आपलं घड्याळ काढून त्याच्या मनगटाला बांधलं. (कानिफला घड्याळ कळत नाही. तो दिवसभर मनगट वर धरून हिंडला आणि विचारील त्याला बारा वाजले म्हणून सांगत राहिला.)

खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला. त्याचा आजा तोच माझा आजा, मग मान त्याला एकट्यालाच का? मी मास्तरांना गाठून सांगितलं की मीही त्याच रक्ताचा, लहानपणी चांगला गोरा होतो, पुढे उन्हाने रापलो. मास्तरांनी बाईला काय सांगितलं कोण जाणे. तिने मला लिमलेटची एक गोळी दिली. तरी मी नेट सोडला नाही, दोघांना चहाला घरी आणलं.

मालनने कप पुढे केला, तर बाई कप सोडून तिचा हातच धरून बसली. मालनची करंगळी आत वळलेली, तुमचीही तशीच. (मी बघायला आलो तेव्हा तिने ती पदराखाली लपवली होती.) बाईने आपला हात शेजारी ठेवला. हुबेहूब तीच करंगळी. तेव्हा उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसलेल्या तुमच्या झुंबरआत्याने सूप खाली ठेवलं.

"लोकांच्या जिभेला कार्ल म्हनाया जमंना," ती म्हणाली, "म्हनून कारभारी म्हनायचे. माझा बाप त्यो. आमी लहान हुतो तवाच तापानं गेला. आई म्हनली, गोऱ्याच्या घरात सोयरीक कोन करंल, गप ऱ्हावा. मंग गप ऱ्हायलो."

बाई तिच्याजवळ भुईवर बसली. दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या, मास्तरांची गरजच पडली नाही. घटकाभर मलाही गलबलून आलं. मग ध्यानात आलं, की तव्याच्या बुडासारखी काळी माझी बायको विलायती निघाली आणि मी होतो तिथेच राहिलो. कानिफकडून घड्याळ परत आणायला मी स्वतः गेलो होतो, पण बाई म्हणाली, राहू दे त्याला. आणि मालन आता भाकरी थापता थापता विचारते, "तुमच्या घरान्यात कोन हुतं, सांगा की."

कळावे. पोरांना गोड पापा.

तुमचा
बन्सी

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. बाई दिवाळीनंतर एकाला तिकडे पाहुणा नेणार आहे. आत्या म्हातारी, मालन बाईमाणूस. म्हणजे राहिलो आपण दोघे. तुमची पाठ अशी, आणि तिकडे बर्फ पडतो. तेव्हा थंडी सोसवत नाही, बन्सीला न्या, अशा चार ओळी मास्तरांना कळवाव्यात.

ता. क. दुसरा : आणि तुमचा तो लोकरीचा कोट एस.टी.ने पाठवावा.

दादा, पाकिटाला खळ लावाया दिलं म्हनून वाचलं. मास्तरला काय कळवू नगा. मी जानार म्हनून बाईला कवाच सांगितलंय. कोट मातर पाठवा, मला व्हईल. — मालन