झोप: चांगली

आई, आज तुझ्याशी भांडायचं नाही, फक्त सांगायचं आहे. आमच्या अकोल्याच्या दवाखान्यात कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य शिबिर झालं. तू अमरावतीला सिस्टर होतीस तेव्हा असलं काही नव्हतं. पाय सुजले की घरी येऊन मिठाच्या गरम पाण्यात बुडवून बसायचीस, झालं तुझं शिबिर. आम्हाला योगासनं, रक्तदाब तपासणी आणि वर एक फॉर्म: झोप कशी लागते, थकवा येतो का, कोणाशी बोलावंसं वाटतं का. फक्त त्या वेळात वॉर्ड कोणी सांभाळायचा, तेवढं छापायचं राहिलं होतं.

खाटा चाळीस, सिस्टर दोन, आणि फॉर्म दुपारपर्यंत हवेत. मी इन्चार्ज. ड्यूटी बदलताना बसले आणि साऱ्या जणींचे फॉर्म माझ्याच हातानं भरले. झोप: चांगली. थकवा: नाही. पोरींनी घाईत, न वाचता सह्या केल्या. शिकत असताना मी तुझ्या वॉर्डात न मोजताच एकाचा ताप लिहिला होता, तेव्हा सगळ्यांसमोर तू विचारलंस, "थर्मामीटर लावलं काय? मंग हा आकडा कुठून आनला?" मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नव्हते.

मूर्तिजापूरहून रोज ये-जा करणारी एक पोरगी आहे, वॉर्डात सगळ्यात नवी. शिबिराआधीच ती मला म्हणाली होती, "मॅडम, मले झोपच येत नाही. सुई लावताना हात थरथरून राह्यला." मी म्हटलं, "शिबिरात डॉक्टरले सांग." आणि शिबिराच्या दिवशी तिला सोडलंच नाही, कारण मग दुसरीनं एकटीनं कुठं कुठं धावायचं? पुढच्या आठवड्यात ती औषधांच्या ट्रॉलीजवळ कोसळली. आता घरी पडून आहे. तिची आजारपणाची रजा ऑफिसनं अडवली, का, तर फॉर्मवर सगळं ठीक लिहिलंय. रजा नाही मिळाली तर तिची कंत्राटी नोकरी जाईल.

आज दुपारी तिचा फोन आला. "मॅडम, तुमी सांगा ना साहेबाले. तुमाले तर सारं मालूम आहे." मी हो म्हटलं. खरं सांगितलं तर माझीच चौकशी लागेल, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. तू वाचणार नाहीस म्हणूनच लिहायची हिंमत झाली. साहेबांनी सकाळीच मला बोलावून विचारलं होतं, आई, त्या पोरीनं आधी काही सांगितलं होतं का म्हणून. मी 'नाही' म्हणाले.