मसाल्याच्या डब्यातल्या सतरा चाव्या

दहिसर (पूर्व),
शनिवार, दुपारचे तीन

चि. लवूस,

सहदेवदादाचे अनेक आशीर्वाद. जानकीच्या दाढेची सूज उतरली का? तू गुडघ्यांना तेल चोळतोयस की नुसता बाटलीकडे बघतोयस? गाय व्याली असेल तर पाडा झाला की पाडी ते कळव, प्रेमाने यावरून माझ्याशी पैज लावलीय. आम्ही दोघंही तसे बरे आहोत. माझं ब्लडप्रेशर तेवढं वर गेलंय, त्याचं कारण पुढे येईलच.

तुझी चिठ्ठी सिद्धेशने आणून दिली. (तुझा मुलगा मरोळच्या कारखान्यातून सुटून एवढा लांब आला आणि चहासुद्धा न घेता पळाला. त्याला जरा झाप.) तू लिहितोस, ‘दादा, माका आता जमूचा नाय. व्हाळ ओलांडून तुमच्या घराकडे चढूचा म्हणजे जीव जाता. चावी सिद्धेशच्या वांगडा धाडू की तुमी येतास?’ आमचं गावचं घर बंद झाल्यापासून बावीस वर्षं तू दर शनिवारी तो ओढा ओलांडून ते उघडतोयस, झाडतोयस, दिवा लावतोयस. तेव्हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी देणारच आहे. पण आधी माझं ऐक. ‘चावी’ हा शब्द वाचला आणि माझं डोकंच सणकलं रे! फोनवर सांगितलं असतं, पण तुला रेंज मिळते ती देवळाच्या पायरीवर, आणि तिथे उभा राहून तू येणाऱ्याजाणाऱ्याशीच जास्त बोलतोस.

आमची चाळ पाडून इथे टॉवर झाला हे तुला ठाऊक आहे. बावीस मजले, मजल्यावर चार दारं, म्हणजे अठ्ठ्याऐंशी घरं. त्यात राहतात किती? नऊ कुटुंबं! बाकीची घरं विकली गेली नाहीत असं समजू नकोस. सगळी विकली गेलीत. घेतली आणि कुलूप ठोकलं. एकाने मुलाच्या लग्नानंतर लागेल म्हणून घेऊन ठेवलंय (मुलगा दुसरीत आहे), एकाने भाव वाढेल म्हणून, आणि एकाला आपण दहिसरला घर घेतलंय की मीरा रोडला हेच नक्की आठवत नाही. आमच्या गल्लीत असे पाच टॉवर आहेत. खालून बघितलं तर वाटावं, बापरे, केवढी वस्ती! भाजीवाला याच हिशेबाने आला होता. एक महिना गाडी लावली आणि साकीनाक्याला निघून गेला. जाताना मला म्हणाला, काका, इथे खिडक्या भरपूर आहेत, पण खाणारी तोंडं कुठे आहेत? आमच्या अकराव्या मजल्यावर आम्ही दोघंच. चाळीत प्रेमा बसल्या जागेवरून हात लांब करून वाटीभर साखर घ्यायची. आता वाटी घेऊन पाच मजले उतरून सहाव्यावर कुंडलिकरावांकडे जावं लागतं. (हे बसडेपोतून रिटायर झालेले, मूळचे बुलढाण्याचे. माणूस झकास आहे, फक्त कॅरममध्ये चिडतो.) परवा लिफ्ट बंद होती तेव्हा तिने सरळ बिनसाखरेचा चहा केला आणि डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून मला थाप मारली.

आता चाव्यांचं. सुरुवात केली ती समोरच्या दाराच्या केयूरने. राहतो घाटकोपरला. परदेशात नाही रे, घाटकोपरला! ताबा मिळाला त्या दिवशी पेढे घेऊन आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, काका, तुम्ही तर इथेच असता. चावी ठेवाल का? कधीतरी खिडक्या उघडायच्या, पंधरा मिनिटांचं काम आहे. आता नमस्कार करणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? घेतली. मग वरच्या मजल्यावरच्याने केयूरचं नाव सांगून चावी दिली, त्याच्या मेव्हण्याने त्याचं नाव सांगून दिली. करता करता आज माझ्याकडे सतरा चाव्या आहेत. प्रेमाने त्या जुन्या मसाल्याच्या डब्यात मजल्याप्रमाणे लावून ठेवल्यात. हळदीच्या वाटीत सातवा मजला, मोहरीच्या वाटीत बारावा. प्रत्येकाचं म्हणणं एकच, पंधरा मिनिटांचं काम आहे. सतरा घरांची पंधरा पंधरा मिनिटं माझ्याच आयुष्यातून जातात हे एकालाही सुचत नाही.

आणि पंधरा मिनिटं कसली डोंबलाची! बंद घराला काय काय लागतं ते मला या तीन वर्षांत कळलं. नळ सोडावे लागतात, नाहीतर पहिलं पाणी चहासारखं येतं. संडासात पाणी ओतावं लागतं, नाहीतर तिथलं पाणी सुकतं आणि खालून झुरळं चढतात. बाल्कनीत कबुतरं. त्यांना हाकलावं तर अशी बघतात की जणू मीच घुसखोर. डास शोधणारे पालिकेचे लोक आले की बाकी कुणी नाही म्हणून बेल माझीच वाजवतात आणि चौदाव्या मजल्यावरच्या कुंडीखाली पाणी साचलं तर बोलणी मी खातो. एका घरात भिंतीवर घड्याळ आहे. ते बंद पडलं तर माझं मीच सेल आणून घातले. का घातले, मला विचारू नकोस. घरात कुणी नसताना वेळ चुकलेली बघवेना.

इथपर्यंत ठीक होतं. पुढची वाट लागली ती तुझ्यामुळे. हो, तुझ्यामुळेच! तू दर चिठ्ठीत लिहितोस, ‘अवसेक घरात धूप घातलंय.’ बंद घरात महिन्यातून एकदा धूर फिरला पाहिजे, नाहीतर घर रुसतं, असं काकी, म्हणजे तुझी आई, म्हणायची हे मलाही आठवत होतं. केयूरच्या घराला कुबट वास यायला लागला तेव्हा म्हटलं, आपण लवूसारखं करू. मागच्या अवसेला तिन्हीसांजेची वेळ धरून निखारे केले, (गॅसवर नारळाची करवंटी पेटवून केले, प्रेमा दोन दिवस बोलत नव्हती) वर भरपूर धूप टाकला आणि दारं-खिडक्या लावून खोलीखोलीतून फिरवला. काय सुरेख वास सुटला म्हणून सांगू! तेवढ्यात छताला चिकटवलेल्या एका गोल डबीने तो हुंगला. त्या डबीला धूप आणि आग यातला फरक कळत नाही हे मला कुणी सांगितलं होतं? असा भोंगा वाजायला लागला की कबुतरं उडाली. मग एक बाई इंग्रजीत सगळ्यांना जिन्याने खाली उतरायला सांगू लागली. मी हातात धुपाटणं घेऊन अकरा मजले उतरलो. ते खाली ठेवायचं मला सुचलंच नाही, त्यामुळे कोणी केलं हा प्रश्नच उरला नाही.

पण गंमत ऐक. सगळा टॉवर रिकामा झाला आणि सगळा टॉवर बागेतल्या चार बाकांवर मावला. कुणी पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातांनी आलेलं, कुणी दाढीचा साबण तसाच. सतराव्या मजल्यावर एक आजीबाई राहतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं, आणि आपल्याशिवाय इथे कुणी राहतं हे आजीबाईंना. नंदावहिनींनी, म्हणजे कुंडलिकरावांच्या मिसेसनी, वॉचमनच्या खोलीत चहा टाकला. अग्निशमनवाले आले, धुपाटणं बघून हसले आणि चहा पिऊन गेले. आम्ही तासभर बसलो होतो. वर जायला कुणी उठेना. तीन वर्षांत पहिल्यांदा मला आपण वस्तीत राहतो असं वाटलं रे.

केयूर दुसऱ्या दिवशी स्वतःजवळची दुसरी चावी घेऊन धावत आला, घर जळलं का बघायला. एरवी तीन वर्षांत फिरकला नव्हता. मी खाली भाजी आणायला गेलो होतो. फोन आला, काका, दार उघडत नाही, चावी कुठल्या बाजूला फिरवायची? लवू, मी रस्त्यात उभा राहून हसलो. माणसाला स्वतःच्या घराची चावी कुठल्या बाजूला फिरते ते माहीत नाही, आणि तो मालक! मी आठवडाभर टॉवरमध्ये ही गोष्ट सांगत होतो. (आठ घरांत सांगून झाली, नववं आमचंच.) मी म्हणतो, राहायचं नाही तर घर अडवून कशाला ठेवता? घर म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत भरून वर फडकं बांधून ठेवायला? आणि ठेवायचंच असेल तर स्वतः या, स्वतः झाडा. म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात चावी अडकवायची आणि वर्षातून एकदा पेढे आणायचे, ही कुठली रीत? लाज नाही वाटत? असो. लिहून बरं वाटलं.

आता तुझ्या चावीचं. सिद्धेशकडे देऊ नकोस, तो हरवेल. आम्ही गणपतीला चार दिवस येणारच आहोत, तेव्हा निवांत बघू. तोपर्यंत शनिवारचं तेवढं तूच सांभाळ. नुसत्या खिडक्या तर उघडायच्या, पंधरा मिनिटांचं काम आहे. येताना तुझ्यासाठी पेढे आणतो.

जानकीस व मुलांस आशीर्वाद. गुडघे जप.

तुझा,
सहदेवदादा

ता. क. येणाऱ्या कुणाबरोबर कोकमाचं आगळ पाठव. इथलं बाटलीतलं आगळ म्हणजे नुसतं रंगाचं पाणी.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी प्रेमाने पत्र वाचायला घेतलं. धुपापर्यंत हसत होती. शेवटाला आली तसं पत्र खाली ठेवलं. मग उठून मसाल्याचा डबा आणला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, अहो, लवूभावोजींकडे असला डबा आहे का हो? मी म्हटलं, त्याच्याकडे एकच तर चावी आहे. तर म्हणाली, मग त्यांनी बावीस वर्षांत एकदा तरी तुम्हाला असं चार पानी पत्र लिहिलंय का? पेढ्यांचं वाक्य तिने मला मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं. लवू, मला फार लाज वाटली. ते वाक्य खोडणार होतो, पण प्रेमा म्हणाली, राहू दे, भावोजींनाही कळू दे तुम्ही कसे आहात. म्हणून ठेवलंय.

ता. क. तिसरा. हे आधीच लिहायला हवं होतं. गणपतीची वाट बघत नाही. पुढच्या पंधरवड्यात येतो आणि पावसाळा संपेपर्यंत राहतो. (तुझ्याकडे नाही, घाबरू नकोस. आमच्या घरी.) केयूरला सांगून टाकलं, शनिवारी स्वतः यायचं, घाटकोपर काही लांब नाही. बाकीच्या चाव्या डब्यासकट कुंडलिकरावांकडे दिल्या, आणि प्रत्येक मालकाला फोन करायचं त्यांनी कबूल केलंय. घड्याळाचे सेलही ते बघणार आहेत. तू आता व्हाळ ओलांडायचा नाही, येत्या शनिवारीसुद्धा नाही. खिडक्या बंद राहिल्या तर राहू देत. आम्ही आधी तुझ्या दारात येऊ आणि चावी घेऊ. तू ओट्यावर बसून राहायचं. दरवेळी आम्ही पोचतो तेव्हा दार उघडं असतं, अंगण सारवलेलं असतं, दिवा लागलेला असतो, आणि मी सरळ आत जाऊन चहा मागतो. या खेपेला मीच उघडीन.

फक्त एक कर. ही चिठ्ठी मिळाल्याबरोबर देवळाच्या पायरीवर जाऊन फोन लाव आणि आमच्या घराची चावी कुठल्या बाजूला फिरते तेवढं सांग. प्रेमासमोर विचारता येत नाही.