अर्धंच ऐकून गेलीस

प्रिय धाकटे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. दवाखान्यात त्या दिवशी तू दारापाशी उभी होतीस ते मी पाहिलं होतं. तुला हाक मारणार, तोवर तू वळून चालायला लागली होतीस. डॉक्टरीणबाई बोलतच होत्या. त्यांचं अर्धंच बोलणं तुझ्या कानावर पडलं. उरलेलं अर्धं तुला सांगायचं राहून गेलंय, आणि ते सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा कंटाळू नकोस.

तुझ्या दादाचा दमा तुला माझ्यापेक्षा आधीपासून ठाऊक. त्यात धंदा बेकरीचा. मैद्याची पोती रिकामी करायची, भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि घरी येऊन खिडकीला नाक लावून बसायचं. मालकाने तोंडाला बांधायला फडकं दिलं, तर याला त्यात गुदमरायला व्हायचं. डॉक्टर पंप घ्या म्हणायचे, की हा हट्टाला पेटायचा. पंप लागला म्हणजे माणूस कामातून गेला, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी किती वेळा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग ती पुडी घरात आली. करड्या रंगाची भुकटी, सकाळी कोमट पाण्यातून घ्यायची. आठवड्याच्या आत तो जिना एका दमात चढून वर आला आणि दारात उभा राहून हसायला लागला. धाप नाही, खोकला नाही. कित्येक वर्षांत मी त्याला आडवं पडून झोपलेलं पाहिलं नव्हतं, तो चक्क घोरायला लागला. माझ्या जिवात जीव आला. भूकही अशी लागायची, की बेकरीतून येताना पाव घेऊन यायचा आणि पायऱ्यांवरच अर्धा संपवायचा. शेजारीपाजारी म्हणाले, तब्येत सुधारली हो. मलाही तसंच वाटलं. शिवणाचं मशीन घरातच, तेव्हा त्याच्या शर्टांच्या शिवणी उसवून मी ते आनंदाने सैल करून दिले.

पण अंग भरलं ते पोटावर आणि तोंडावर. हातपाय होते त्याहून काटकुळे झाले. चेहरा असा वाटोळा झाला की डोळे बारीक दिसायला लागले. टेबलाचा कोपरा जरा लागला तरी निळा डाग पडायचा. हळूहळू झोप उडाली, चिडचिड वाढली. एकदा भाजीत मीठ कमी पडलं म्हणून त्याने ताट सरकवलं आणि मग स्वतःच घाबरून माझ्याकडे बघत बसला. तुझा दादा कधी ताट सरकवणारा होता का, सांग. शेवटी बेकरीतल्या लोकांनी त्याला 'फुगा' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तो वैतागला. आता श्वास चांगला चालतोय, मग कशाला घ्यायचं, असं म्हणून त्याने पुडी बंद केली. एका दिवसात, कायमची. मला तर बरंच वाटलं.

तिथेच घोळ झाला. दोन-चार दिवसांत त्याच्या अंगातलं बळ कोणी काढून घ्यावं तसं झालं. बटणं लावतानासुद्धा थांबून बसायचा. अन्नाचा वास नको, उलट्या, चक्कर. त्यात साधा ताप आला. तसाच कामावर गेला आणि भट्टीपुढे कोसळला. सोबत्याने मागून धरलं म्हणून भाजला नाही. दवाखान्यात नेला तेव्हा रक्तदाब इतका खाली गेला होता की नर्सने यंत्र बिघडलं समजून दुसरं आणलं.

कसलं औषध चालू आहे, असं डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, काही नाही, औषध असं काहीच नाही. खरंच तसं वाटत होतं गं मला, ती तर झाडपाल्याची पुडी. पण त्यांनी त्याचा चेहरा पाहिला, दंडावरचे डाग पाहिले, पोट पाहिलं आणि मला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं. तेव्हा मी पुडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, अशा भुकट्यांत पुष्कळदा न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यामुळेच दमा पळाला होता, त्यामुळेच अंग सुजलं, आणि आज हा इथे पडलाय तोही त्या पुडीपायीच. एवढं ऐकलंस आणि तू गेलीस.

आता पुढचं ऐक. त्यांनी मला बाकावर बसवून समजावलं. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक बारकी गाठ असते. स्टेरॉइडसारखाच एक रस त्या आपल्या आपण रोज तयार करतात. त्याच्या जोरावर आपण सकाळी उठतो, रक्तदाब टिकतो, ताप आला, मार लागला तरी माणूस तग धरतो. पण तोच रस बाहेरून रोज आयता मिळायला लागला, की या गाठी काम सोडतात. त्या म्हणाल्या, घरात रोज बाहेरून डबा येत असेल तर चूल कोण पेटवतं? आणि एक दिवस डबा अचानक बंद झाला तर घर उपाशीच पडणार. चूल पुन्हा पेटायला वेळ लागतो, कधीकधी महिने. दादाला पाडलं ते त्या पुडीने, हे खरं. पण त्याहून जास्त ती एकदम बंद करण्याने.

आणि उपाय काय केला माहीत आहे? तेच स्टेरॉइड त्यांनी सुईने शिरेत दिलं. माझ्या अंगावर काटाच आला. मी म्हटलं, बाई, ज्याने हा पडला तेच विष पुन्हा? त्या मुळीच चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "विष नाही, औषधच आहे ते. माणसं वाचतात त्याच्यावर. फक्त किती घ्यायचं, किती दिवस, आणि कसं सोडायचं, हे सांगणारं कोणीतरी हवं." संध्याकाळपर्यंत तो उठून बसला आणि चहा मागितला. मी तोंडावर पदर धरून रडले.

आता गोळी चालू आहे. ती हळूहळू कमी करत न्यायची, मध्येच सोडायची नाही. ताप आला तर स्वतःच्या मनाने काही न करता आधी त्यांना विचारायचं. आणि पंपही घेतो हं तो. त्यातही हेच औषध असतं, पण चिमूटभर आणि थेट छातीत, म्हणून अंगावर येत नाही. बेकरीत त्याला भट्टीवरून काढून गल्ल्यावर बसवलंय. चेहरा थोडा उतरलाय. मी शर्ट परत आत घेतले नाहीत, घाई कशाला.

पुडी तू आणली होतीस, धाकटे. मी डॉक्टरीणबाईंना ते सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही आणि त्याने काही फरकही पडत नव्हता. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला तुझा राग आला. दवाखान्याच्या बाकावर बसून मी तुला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. दादा शुद्धीवर आल्यावर त्याच्यापाशी मी तुझं नाव काढलं, तर त्याने माझा हात दाबून मला गप्प केलं. म्हणाला, "लहानपणी मला धाप लागली की ती उशाशी बसून माझ्याबरोबर श्वास घ्यायची. तिला वाटायचं, तिने घेतला की मलाही येईल. आत्ताही तिने तेच केलं."

आज सकाळी तुझ्या यजमानांचा फोन आला. गुडघ्यांसाठी तूही तीच पुडी घेत होतीस, दादाच्याही आधीपासून, हे आम्हाला तेव्हा कळलं. दवाखान्यातून गेल्यावर तू ती कमी करत आणलीस आणि गेल्या आठवड्यात उरलेल्या सगळ्या पुड्या मोरीत ओतल्यास. परवापासून अंथरूण धरलंयस, पोटात काही ठरत नाही, आणि डॉक्टरचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतेस. मी लगेच डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वाट बघू नका, आजच आणा. त्यांनी तुझ्यासाठी खाट धरून ठेवलीय, आणि ती पुडी तुला कोणी दिली, तू कोणाला दिलीस, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. यजमानांचं तू ऐकत नाहीस, माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र दादाच्या हाती देतेय. त्याला समोर बसून नीट बोलता येणार नाही, म्हणून सगळं मीच लिहिलं. हे वाचतेस तेव्हा तो तुमच्याच बाहेरच्या खोलीत बसलाय. गाडी खाली उभी आहे. चप्पल घाल आणि त्याचा हात धर.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच वहिनी