एका वेळी एकच भाग

३ नोव्हेंबर
नवी नोकरी, आणि पहिल्याच दिवशी बाजी मारली! इथला मुख्य सर्व्हर महिनाभर अधूनमधून अचानक बंद पडत होता. उघडून पाहिलं तर पॉवर सप्लायमधला एक कपॅसिटर टम्म फुगलेला. सप्लाय बदलला, गाडी रुळावर. साहेब खूश. शेजारच्या ऑपरेटर बाईने, जिला सगळे चष्मेवाली म्हणतात, चहा पाजला. घरी सांगितलं तर बाबांनी छातीवर हात ठेवून विचारलं, माझ्या पेसमेकरचीही गॅरंटी देशील का? तो बसवल्यापासून त्यांचे विनोद वाढलेत. घरात आम्ही दोघंच, पण मजेत चाललंय.

७ नोव्हेंबर
सर्व्हर पुन्हा पडला, माझ्या डोळ्यांसमोर. आमच्या कामाचा नियम सरळ आहे. एका वेळी एकच भाग बदलायचा आणि काढलेला भाग दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघायचा. दोष ज्याच्याबरोबर जाईल, तो गुन्हेगार. आज मेमरी बदलली. काढलेली मेमरी चाचणीच्या मशीनमध्ये ठणठणीत चालली.

११ नोव्हेंबर
मदरबोर्ड, केबल, पंखे, डिस्क, सगळं बदलून झालं. काढलेलं सगळं शहाण्यासारखं चालतं, नवं मात्र मान टाकतं. साहेबांनी चारचौघांत विचारलं, पगार नेमका कशाचा घेता? असा संताप आला! चष्मेवालीने चहाचं विचारणं सोडलंय. मी जवळ गेलो की ती मोबाइल उचलून लांब ठेवते.

१२ नोव्हेंबर
चष्मेवाली माझ्याकडे बोट दाखवून साहेबांना म्हणाली, सुट्टीच्या दिवशी हे नव्हते, तेव्हा एकदाही पडला नाही. मी हसण्यावारी नेलं, साहेबांनी नाही. मला कँटीनमध्ये बसवलं, सर्व्हर ठीक. आत बोलावलं, बंद. मग चाचणीच्या मशीनपाशी उभं केलं. तेही गेलं. माझाच नियम माझ्यावर चालवत होते आणि मी मुकाट्याने इकडून तिकडे जात होतो. शेवटी रखवालदाराने काठीनेच दार दाखवलं. हात लावायला तयार नव्हता.

१३ नोव्हेंबर
जेवताना पंखा थांबला. मग फ्रिज. मग बाबा बोलता बोलता थांबले, भिंतीला टेकले. पाणी आणायला धावलो, तर मी लांब जाताच ते सावरले. पाणी घेऊन आलो — पुन्हा चेहरा पांढराफटक.
पेला खाली ठेवला आणि घराबाहेर पडलो.

१४ नोव्हेंबर
गच्चीवर आहे. जिन्यातून ओरडून सांगितलं, जवळ येऊ नका, तुमचं मशीन माझ्यामुळे थांबतंय. बाबा म्हणाले, नोकरी गेली म्हणून डोकं फिरलंय तुझं, माझ्याच पोराला मी काय भ्यायचं?
खाली जायचं तर आमच्या दारावरूनच. बाबा ते दार उघडं टाकून बसलेत.

संध्याकाळ
जिन्यात चपला. ओढत ओढत —
ताट वाजतंय. मी उपाशी आहे म्हणून —
ओरडलो. शिव्या दिल्या, बाबांना, आयुष्यात पहिल्यांदा. थांबत नाहीत.
गच्चीच्या दाराला कडी नाही. कठड्याला पाठ लावलीय, याहून लांब —
एक पायरी. धाप. एक पायरी —
ताट पडलं.
दारातच कोसळलेत. शुद्धीवर आहेत, माझ्याकडे बघतायत. हात पुढे केलाय, उचल म्हणून. बाबा, मी जवळ आलो तर — आणि नाही आलो तर —