खुंटीवरचा कोट

३ जून

ती. वन्संना सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शिवणाच्या दुकानात शाळेच्या गणवेशांची नुसती धांदल आहे. मान वर करायला फुरसत नाही, आणि तेच बरं आहे. मूल होण्याचे उपचार तिसऱ्यांदाही वाया गेले. डॉक्टर म्हणाले, आता सहा महिने थांबा. परवा एक बाई झबलं सैल करून घ्यायला आली. ते मी मालकीणबाईंच्या हातात कोंबलं आणि आतल्या खोलीत जाऊन रडले.

तुमचे बंधुराज ‘होईल गं’ म्हणतात आणि बूट पुसायला बसतात. आठ वर्षांत त्यांच्या डोळ्यांत पाणी म्हणून पाहिलं नाही. या माणसाला काही वाटतच नसेल, तर मी इथं राहून तरी काय करू, असं हल्ली मनात येतं. हे फक्त तुम्हालाच लिहिते आहे.

तुम्ही सुचवलेल्या समुपदेशक बाईंकडे मात्र जायची नाही. मला काही वेड लागलेलं नाही. भावोजींना नमस्कार. रागावलात तरी लोभ आटवू नका.

तुमची
टाकेवाली

९ जून

चि. सौ. टाकेवालीस अनेक आशीर्वाद.

वेड लागलेली माणसं इतकं सुवाच्य लिहीत नाहीत, तेव्हा ती काळजी सोड. दाढ दुखली की दाखवायला जातेस ना? मग आठ वर्षांचं हे ठणकणं अंगावर काढून कोण तुला बक्षीस देणार आहे? घर सोडायचं नंतर बघू, आधी मंगळवारी चारला त्यांच्याकडे जाऊन ये. माझ्या भावाला सांगायचं नसेल तर सांगू नकोस. लहानपणी गुडघा फुटला तरी तो विजारीखाली लपवायचा. त्याचं मी बघते.

उत्तर आलं नाही तर स्वतः येऊन बसेन, ही धमकी समज.

तुझी
वन्सं

१८ जुलै

ती. वन्संना कृतानेक नमस्कार.

चार मंगळवार गेले. पहिल्या दिवशी तासभर नुसती रडले. बाईंनी पाणी दिलं, उपदेश दिला नाही. या मंगळवारी त्यांना जमेना, म्हणून गुरुवारी बोलावलं. बाहेरच्या खोलीत बसले, तर समोर खुंटीवर करडा कोट. मधल्या बटणाखाली दोऱ्याचे सात वेढे, गाठ आत लपवलेली. असं बटण मी एकटीच लावते. दुकानातल्या बाकीच्या पाच वेढ्यांत आटोपतात. कोट यांचाच.

पळणारच होते, तोवर दार उघडलं आणि हे बाहेर आले. डोळे लाल. मला बघून म्हणाले, विजेच्या तारा तपासायला आलो होतो. विमा कचेरीतला कारकून आणि विजेच्या तारा! मला हसू आणि रडू एकदमच आलं. बाईंनी आमची मर्जी विचारली आणि दोघांना आत बसवलं.

दर वेळी उपचार फसले की हे कचेरीतल्या जुन्या फायलींच्या खोलीत जाऊन रडायचे आणि तोंड धुऊन घरी यायचे. मी कोसळले तर सावरायला एक जण तरी उभा हवा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि मी त्यांना दगड समजत होते. घरी चालत आलो, रस्ताभर बोलत. मूल होईल की नाही, ठाऊक नाही. पण घर सोडायचं आता मनात येत नाही. खूप हलकं वाटतंय.

यांना तिथला पत्ता कोणी दिला, ते मात्र सांगत नाहीत.

तुमच्या मायेइतकाच तुमच्यावर संशय असलेली
टाकेवाली

२५ जुलै

चि. सौ. टाकेवालीस व चि. बंधुराजांस आशीर्वाद.

हो, मीच. तुला मंगळवार, त्याला गुरुवार, आणि दोघांकडून गुपचूप राहायचं वचन. समोरासमोर येऊ नये म्हणून एवढा बंदोबस्त केला, तीच माझी चूक. घरात दुःख वेगवेगळंच करायचं असतं, असं मी धरून चालले होते. आमच्या घरी तीच रीत.

आम्हाला मूल नकोच होतं, असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं होतं. नऊ वर्षं दवाखाने केले, मग घरात तो विषयच बंद झाला. त्याला सव्वीस वर्षं झाली. तुझं पत्र मी तुझ्या भावोजींना मोठ्यानं वाचून दाखवत होते. फायलींच्या खोलीपाशी आल्यावर मला वाचवेना. त्यांनी कागद घेतला, पुढचं स्वतः वाचलं आणि चष्मा काढून पुसला. मग विचारलं, साठी उलटलेल्यांना त्या बाई वेळ देतात का.

बुधवारी येतो आहोत. आमच्यासाठी वेळ मागून ठेव. एकच वेळ, दोघांची मिळून.

तुम्हा दोघांची
वन्सं